दहावी दिशा

घर दक्षिणमुखी नको, एवढी एकच अट होती आणि ती माझ्या साडूंनी घातली होती. घर मी घेणार, पैसे माझे जाणार, राहणार आम्ही दोघं. पण अट साडूंची. साडू कोथरूडला असतात. त्यांच्या फ्लॅटचं दार ईशान्येला आहे, देवघर पूर्वेला, पाण्याची टाकी उत्तरेला आणि कर्जाचे हप्ते अजून अकरा वर्षांचे बाकी आहेत. मी चंद्रपुरात घर बघतोय म्हटल्यावर ते दोन मिनिटं गप्प राहिले. मग आजारी माणसाची चौकशी करावी तशा सुरात म्हणाले, "घ्या. पण दिशा बघून घ्या."

चंद्रपूरच का, ते सांगतो. बँकेत तेहेतीस वर्षं मी लोकांना गृहकर्जं मंजूर केली आणि स्वतः भाड्याच्या घरात राहिलो. हलवायाने गोड खाऊ नये, त्यातला प्रकार. निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा पुण्यात चौकशी केली. त्या पैशात एक खोली आणि क्लबहाउसचं सभासदत्व मिळत होतं. नकाशात क्लबहाउस आमच्या खोलीच्या चाळीसपट होतं, म्हणजे आम्ही राहायला खोलीत आणि जगायला क्लबहाउसमध्ये, असा हिशेब असावा. हिचं माहेर बल्लारपूर. ती नकाशा घडी घालत म्हणाली, "चला ना आमच्या चांद्याले. एवढ्या पैशात तिकडं अंगण येते, विहीर येते, अन् आंब्याचं झाडही येते." तेहेतीस वर्षं माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारी बायको त्या एका वाक्यात वर्धा नदी ओलांडून गेली. ती पुन्हा अलीकडे आलीच नाही.

साडूंनी लगेच एक बातमी पाठवली. इटलीतल्या सिसिली बेटावर साम्बुका नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने 2019 साली पडकी घरं एका युरोला विकायला काढली होती. खाली साडूंचं भाष्य होतं: 'वाचा. अनामत पाच हजार युरो, आणि तीन वर्षांत दुरुस्ती सक्तीची. स्वस्त घरात नेहमी काहीतरी असतं.' साडूंचं हे वाक्य मी मनात घट्ट धरलं. पुढचे पंधरा दिवस चंद्रपुरात प्रत्येक घरात मी एकच प्रश्न विचारला आणि तोही लवकरच तिथल्या भाषेत विचारू लागलो: "स्वस्त काऊन?"

आम्ही गेलो ते मे महिन्यात. हा वेडेपणा नव्हता. आमच्या दलालाचा सल्ला होता. त्याचं म्हणणं असं की, चंद्रपुरात मे महिन्यात जे घर पसंत पडलं ते बाराही महिने पसंत राहतं. पारा सत्तेचाळीसच्या पुढे. घराला खोल्या किती हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. कूलर कुठल्या खिडकीत बसतो आणि त्याचं पाणी कुठून येतं, हे विचारतात. दक्षिणोत्तर दिशा वगैरे नंतर. वाळ्याची ताटी ज्या भिंतीला लागते ती त्या घराची पूर्व.

या दलालाला सगळं गाव 'भाऊ' म्हणायचं. भाऊच्या गालात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेल्यावाला तो तळहाताने बराच वेळ घोटतो, तेव्हा कुठे तो खर्रा होतो. आणि एकदा तोंडात गेला की पुढचा पाऊण तास माणूस मुका होतो. त्यामुळे घराचे गुण सांगायचे तेव्हा भाऊ आधी थुंकून यायचा आणि भाव विचारला की मान वर करून नुसती बोटं दाखवायचा. एका घराला त्याने दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवून पुढे दोन बोटं दाखवली. मी बावीस लाख समजलो. हिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अठरा म्हणून राहिले ते." आणि खरंच अठरा निघाले.

पहिल्या दिवशी उत्तर. साडूंच्या मते ही कुबेराची दिशा. चंद्रपूरच्या उत्तरेला तुकूम, दुर्गापूर, ऊर्जानगर. म्हणजे महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाच्या खाणी आणि त्यांच्या मागे लागलंच ताडोबाचं जंगल. कुबेराला खरोखरच हीच दिशा आवडली असणार, कारण 2920 मेगावॉटची वीज इथे तयार होते आणि तारांवरून राज्यभर जाते. राख मात्र घरच्याच माणसासारखी घरी राहते. पहिल्याच घरात तुळशीची पानं राखाडी होती. घरच्या बाईंनी पापड पातळ जुन्या साडीखाली झाकून वाळत घातले होते. मी विचारलं, "उन्हात साडी कशाला?" त्या म्हणाल्या, "उन्हासाठी नाही जी. वरून मसाला पडते ना."

ऊन इतकं होतं की निघायची सोय नव्हती, म्हणून चहा घेत बसलो. एकाएकी बशीतला कप थरथरला, खिडकीच्या काचा खणखणल्या आणि पायाखालून काहीतरी जड गेल्यासारखं वाटलं. मी उठून दाराकडे धावलो. "भूकंप!"

"नाही जी," बाई शांतपणे म्हणाल्या, "तीन वाजले." उघड्या खाणीतलं ब्लास्टिंग. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते दोन मिनिटं पुढे होतं, ते काढून नीट केलं आणि मला दुसरा कप दिला.

भाऊने गच्चीवर नेऊन त्या घराचं खास वैशिष्ट्य सांगितलं. "सर, इथून ताडोबा दिसते."

"आणि ताडोबातून ही गच्ची दिसत असेल," मी म्हटलं.

"तेही हाय."

बाहेरून आलेल्याला अशा उत्तराची गंमत वाटते. दुर्गापूरच्या आयांना वाटत नाही. बिबट्याने वस्तीत शिरून माणसं मारल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. दिवेलागणीला पोरांना घरात बोलावणाऱ्या त्या आयांच्या हाकेत जो ताण असतो, तो एकदा ऐकला की गच्चीचा विनोद पुन्हा सुचत नाही. आम्ही उत्तर सोडली.

दुसऱ्या दिवशी पश्चिम. इकडे इरई नदी. प्लॉट मोठे, हवा मोकळी, भाव बोटांवर मावणारे. मी बँकवाला, लगेच पूररेषा विचारली. "निळी रेषा कुठून जाते?"

"कागदावरून जाते जी," भाऊ म्हणाला. "जमिनीवर अजून कोणी मारली नाही."

जमिनीवर नव्हती, पण भिंतीवर होती. शेजारच्या आजोबांनी आपल्या ओसरीतल्या खुणा दाखवल्या. कमरेइतकी एक, छातीइतकी एक. "हे 2006चं पाणी. हे 2022चं." वर्धा फुगली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे फिरतं आणि ज्याच्या घरी जागा दिसेल तिथे मुक्काम करतं. पठाणपुरा गेटच्या बाहेर तर पूर आला की रस्ता बंद होतो. गोंडराजांनी बांधलेल्या दरवाजापाशी येऊन पाणी थांबतं. एवढ्या जुन्या दरवाजाला अजून ड्युटी आहे आणि पेन्शन नाही. साडूंना फोन केला. ते म्हणाले, "पश्चिम वरुणाची दिशा, पाणी शुभच." मी म्हटलं, "छातीपर्यंत शुभ आहे."

मग आम्ही मध्यात गेलो. वास्तुशास्त्रात घराच्या मध्याला ब्रह्मस्थान म्हणतात, ते मोकळं ठेवावं लागतं. चंद्रपूरचं ब्रह्मस्थान म्हणजे परकोटाच्या आतलं जुनं गाव. या गावाची जागा कशी निवडली गेली, त्याची कथा अख्ख्या चंद्रपूरला पाठ आहे. पंधराव्या शतकातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. त्याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला निघाला असता त्याने झरपट नदीतल्या एका कुंडाचं पाणी घेतलं आणि त्या बऱ्या झाल्या. तिथेच त्याला एक अजब दृश्य दिसलं: ससा कुत्र्याच्या मागे लागला होता. ससा पुढे नव्हे, मागे. राणीने सांगितलं, जिथून जिथून हा पाठलाग झाला तिथून तटबंदी घाला. शेवटी एका ठिकाणी कुत्रा उलटला आणि त्याने सशाला मारलं. ती जागा धोक्याची, असंही भाकीत झालं.

मला ही कथा फार आवडते. आज ले-आउट पाडायला सर्व्हेअर, नगररचना, एन.ए., एवढी माणसं लागतात. तिथे एका सशाने सुमारे 11 किलोमीटरचा ले-आउट एका धावेत पाडून दिला, चार दिशांना चार दरवाजे आले, वर पाच खिडक्या आल्या, आणि धोक्याची जागा कोणती हेही त्याने स्वतःचा जीव देऊन ग्राहकाला आधीच सांगून ठेवलं. असा प्रामाणिक विकासक त्यानंतर त्या शहराला मिळालेला नाही.

परकोटाला लागून एक टुमदार कौलारू घर होतं. मागे सांदवाडी, पेरूचं झाड, आणि सांदवाडीची मागची भिंत म्हणजे थेट गोंडकालीन तट. किंमत ऐकून हिचे डोळे चमकले. मी विचारलं, "स्वस्त काऊन?" भाऊने थुंकून येऊन सांगितलं, "पुरातत्त्व."

परकोट हे केंद्राचं संरक्षित स्मारक. 2010च्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या 200 मीटरवर परवानगी लागते. ताजमहालाला हा नियम लावला तर चौफेर एक चौकोन अडतो. पण हे स्मारक गोल फिरून गावालाच मिठी मारून बसलेलं आहे. 11 किलोमीटर लांबीच्या मिठीच्या आतून-बाहेरून शंभर-शंभर मीटर मोजा, म्हणजे किती कुटुंबं या प्रेमात अडकली ते कळेल. त्या घराच्या मालकांनी सांगितलं की त्यांना न्हाणीघराची एक भिंत पाडून नवी घालायची होती. अर्ज करून बराच काळ झाला होता. "मंग भिंतीचं काय झालं?" हिने विचारलं. "ते स्वतःहून पडली जी. पडायले परवानगी लागत नाही."

याचा अर्थ परकोटाची किंमत गावाला नाही असा नाही. 2017 पासून 'इको-प्रो' संस्थेच्या पोरांनी महिनोन्‌महिने पहाटे येऊन या तटावरची झाडंझुडपं काढली, बुरूज मोकळे केले. 1818 साली इंग्रजांच्या तोफांनी जिथे खिंडार पाडलं त्या तटाला झुडपांची मुळं आणि आपली बेफिकिरी हे त्याहून मोठे शत्रू होते. जपायला हवाच. फक्त तो जपताना आत राहणाऱ्यांच्या न्हाणीघराचाही विचार व्हावा, एवढंच. आम्ही पेरू खाल्ले आणि निघालो.

आठवडा झाला. माझा चेहरा उतरलेला बघून भाऊने समजूत घातली. "वाईट वाटून घेऊ नका सर. टाटा पन पाहून गेले होते."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण गोष्ट खरी आहे. 1882 साली जमशेदजी टाटांच्या हाती फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. त्यात चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाची वाखाणणी होती. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण. लोखंड आहे, कोळसा आहे, नागपुरात स्वतःची एम्प्रेस मिल आहे. आणखी काय हवं? जमशेदजींनी कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले. तो लोखंड गाळण्याच्या कामाचा निघाला नाही, आणि बेत बारगळला. पुढे त्यांच्या वारसांनी दूर पूर्वेला दुसरी जागा शोधली आणि जमशेदपूर उभं राहिलं. म्हणजे 'बघून सांगतो' असं म्हणून चांद्याहून परत गेलेलं हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आमचा नंबर बराच खाली लागत होता.

भाऊ मग आम्हाला खाणपट्ट्यातल्या एका खेड्यात घेऊन गेला. तिथे नवीकोरी घरं होती. प्लास्टर होतं, स्लॅब होता. पण खिडक्यांना गज नव्हते, नळ होते पण त्यांच्यामागे पाइप नव्हता, आणि घरात माणूस नव्हता. माझ्या प्रश्नाआधीच भाऊने उत्तर दिलं. "सर, हे घर राहायले नाही. हे जायले हाय."

तेहेतीस वर्षांच्या गृहकर्जांच्या अनुभवात हा प्रकार मला नवा होता. कोळशासाठी जमीन घ्यायचा 1957चा कायदा आहे. त्याचं कलम 4 लागलं की गावात बातमी फिरते: खाण येणार. मग गावाचं गणित उलटं होतं. घर टिकण्यावर किंमत ठरत नाही, बुडण्यावर ठरते. आधीपासून राहणाऱ्याला मोबदल्याची चिंता, पुनर्वसनाची चिंता, दोन एकरांमागे एक नोकरी हा हिशेब, भावाभावांत ती कुणाच्या पोराला यावरून वैर. आणि बाहेरच्या हुशार माणसाला भिंती उभ्या करून मोबदल्याची वाट बघण्याचा छंद. "पाच वर्षांत खाण आली तं पैशाचे पैसे," भाऊ म्हणाला. "आणि नाही आली तर?" मी विचारलं. भाऊने त्या बिनगजांच्या घराकडे पाहिलं. "मंग राहा लागते," तो म्हणाला, आणि हे त्याने अशा दुःखाने म्हटलं की, घरात राहायची वेळ येणं हीच जणू त्या घराची दुर्दशा.

पूर्व उरली होती. मूल रोडने निघालो. दोन्ही बाजूंनी साग. इथल्या सागाची महती मोठी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली सागवान गेलं ते बल्लारपूरहून. चंद्रपूरचा साग रामाच्या घराला लागला आणि चंद्रपूरच्या नव्या फ्लॅटांना फायबरची दारं लागतात. वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. हिच्या मनात जंगलाच्या कडेला अर्धा एकर आणि एक खोपी असं चित्र होतं. पहिल्याच ठिकाणी ग्रामपंचायतीच्या माणसाने विचारलं, "तुम्ही आदिवासी आहात का?" नाही म्हटल्यावर त्याने चहा दिला आणि जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ सांगितलं: आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. चहा चांगला होता. कायदाही चांगला आहे. तो नसता तर आमच्यासारखी निवृत्त जोडपी अर्धा-अर्धा एकर करत कुठपर्यंत पोचली असती, हे मला बँकेतल्या अनुभवाने नेमकं माहीत आहे.

धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. तिथल्या गोंड गावकऱ्यांनी 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. 2013 साली त्याहून पुढचं पाऊल टाकलं. सगळ्यांनी आपापल्या खासगी जमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या हवाली करायचं ठरवलं. जमीन कसायची ज्याची त्याने, पण बाहेरच्याला विकायची कुणीच नाही. भाऊ हे ऐकून अस्वस्थ झाला. त्याने खर्रा काढला, परत खिशात ठेवला. "म्हणजे तिथं आमचा धंदाच नाही?" नाही. ज्या गावात घर विकत मिळत नाही, असं एकच गाव आम्ही त्या पंधरा दिवसांत ऐकलं. आणि 'स्वस्त काऊन' हा प्रश्न जिथे निरर्थक झाला असंही तेच.

आता फक्त दक्षिण राहिली. साडूंची निषिद्ध दिशा. भाऊ म्हणाला, "एक हाय, बाबूपेठेत. पण दार दक्षिणेले हाय अन् दुसरीही एक गोष्ट हाय. ते मालकच सांगतीन."

मालक म्हणजे भूमिगत खाणीत चौतीस वर्षं काढलेले एक काका. आता मुलीकडे नागपूरला जायचं होतं म्हणून घर काढलेलं. दोन खोल्या, छपरी, अंगण, विहीर आणि आंब्याचं झाड. हिने माझ्याकडे बघितलं. तिने पुण्यात म्हटलेली यादी एकेक करून पुढ्यात उभी होती. मी खिशातून कागद काढला आणि साडूंनी दिलेल्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न वाचला: घराची दिशा.

"दिशा चारच विचारून राहिले का?" काका म्हणाले.

"आठ," मी म्हटलं. "वास्तुशास्त्रात कोपरेही धरतात."

"दहा असतात जी. वर एक, खाली एक. इथं घर घ्याचं तं खालची पहिले विचारा लागते."

आणि त्यांनी खालची सांगितली. चहाचे चार रिकामे ग्लास सतरंजीवर उपडे घातले, त्यावर ट्रे ठेवला, ट्रेवर हिने आणलेल्या चिवड्याची वाटी. "हे कोळशाचे खांब. कोळसा काढताना मधे मधे खांब सोडतात, नाही तं वरचं खाली येईन. हा ट्रे म्हणजे जमीन. अन् वाटी म्हणजे हे घर." तुमच्या पुण्यातल्या इमारतींना खाली पार्किंग असतं तसंच, फक्त इथे खांब कोळशाचे, गाड्यांच्या जागी पाणी. मग जाताना त्यांतले काही खांबही काढतात आणि पोकळीत नदीची रेती भरतात. काकांनी एक ग्लास अलगद काढला. ट्रे कलला, पण राहिला. "एक काढला तं राह्यते," ते म्हणाले. दुसऱ्या ग्लासाला त्यांनी हात घातला, चिवड्याच्या वाटीकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

कुणी हसलं नाही, कारण घुग्घुस तिथल्या प्रत्येकाला आठवतं. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. हादरा जाणवल्याबरोबर घरची माणसं बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळ्या होत्या. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्या घराचेही कागद असतील, कर पावती असेल, कदाचित दारावर गणपतीही असेल. कुठल्याच कागदावर खालची दिशा नव्हती.

नसतेच ती. मी स्वतः हजारो फायली तपासल्या आहेत. सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, चटईक्षेत्र, बांधीव क्षेत्र. चटई किती चौरस फूट हे आपण इंचापर्यंत मोजतो; चटईखाली काय आहे हे विचारत नाही. विचारून उपयोगही नाही, कारण ते आपलं नसतंच. महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे जमिनीतली खनिजं सरकारची. आपण मुद्रांक शुल्क भरून घेतो ती वरची साय. भूगर्भशास्त्रज्ञांनी गोंडांच्या मुलखावरून एका अख्ख्या प्राचीन खंडाला गोंडवन हे नाव दिलं. त्या काळच्या जंगलाचा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा, हा कोळसा. पण गोंडाच्या नावावर त्यातला मुठीएवढा खडाही नाही, तर माझ्या नावावर काय असणार?

"आता दुसरी गोष्ट दाखवतो," म्हणत काका उठले. मागच्या खोलीत खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक भेग निघून तिरपी छताकडे गेली होती. मी ओळखीच्या नजरेने बघितलं. भेगा मी खूप पाहिल्या आहेत. पण अशी नव्हती पाहिली. भेगेवर जागोजागी पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या होत्या आणि प्रत्येक रेघेपाशी बारीक अक्षरात तारीख. '14-6-98'. त्याच्या चार बोटं वर 'पोळा 2003'. मग 'तान्हा पोळा 2005'. मग 'बाईचं लग्न 2009'. सगळ्यात वर '2011'. त्यावर भेग ओलांडून एक काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलेली होती. आणि त्याच चौकटीच्या दुसऱ्या बाजूला, त्याच पेन्सिलीने, त्याच अक्षरात पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या. एका बाजूला मुलं वाढत होती, दुसऱ्या बाजूला भेग. काकांनी दोघांचीही नोंद सारख्याच मायेने ठेवली होती.

"2011 नंतर?" मी विचारलं.

"थांबली."

"काऊन थांबली?"

"खाली बसायचं तेवढं बसली. काच पाहा, तडकली नाही. पुढं वाढली तं पहिले काच तुटन, मंग तुम्ही तुटसान." काका थोडे थांबले. "पोरगी म्हणे, रंग मारून घ्या बाबा, भाव येईन. मी म्हणलं, घेणाऱ्याले समजलं पाहिजे."

तेहेतीस वर्षांत मी कितीतरी मूल्यांकन अहवाल वाचले. सही-शिक्क्यांचे, चार प्रतींतले. विकण्याआधी भिंतीला रंग देणारे मालक तर रोज बघितले. स्वतःच्या घराचा दोष स्वतःच्या हाताने, तारीख घालून, गिऱ्हाइकासाठी लिहून ठेवणारा हा पहिलाच. खांडक्या बल्लाळशहाच्या सशानंतर चंद्रपुरात हाच. म्हणून बांधकाम अभियंत्याला बोलावून पाया तपासला, खाणीच्या जुन्या नकाशावर घर कुठे येतं ते माहितगाराकडून बघून घेतलं, आणि सौदा केला. भाऊने बोटं दाखवली. या वेळी मला बरोबर समजली.

रात्री साडूंचा फोन आला. "कुठली दिशा?"

"दक्षिण."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग साडू म्हणाले, "अहो, निदान एकदा विचारायचं तरी."

"विचारलं ना," मी म्हटलं. "खालची विचारली."

आता दुपारी कप थरथरला की ही म्हणते, "तीन वाजले," आणि मी घड्याळ बघतो. दर अमावस्येला काचेच्या पट्टीवर बोट फिरवतो. अजून तडकलेली नाही. चंद्रपुरात, बल्लारपुरात, घुग्घुसात, कुठल्याही खाणीच्या गावात तुम्ही घर घ्यायला निघालात, तर माझं ऐका: कागद वकिलाला दाखवा, खालचा नकाशा खाणवाल्याकडून समजून घ्या, घराच्या मालकाला त्याच्या भिंतीबद्दल विचारा आणि तो काय बोलतो यापेक्षा कुठे बोट ठेवतो ते बघा. जाताना एक पेन्सिल घेऊन जा. दिशा साडूंना विचारली नाही तरी चालेल.